किती जगले आणि कसे जगले



रोगांचा इतिहास बहुधा डॉक्टरांच्या बाजूने सांगितला जातो. मूत्राशयाच्या कर्करोगाचा इतिहास मात्र कामगारापासूनच सुरू करावा लागतो. १८९५ साली फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी फुक्सिन हा रंग बनविणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांना हा रोग जडल्याचे जाहीर केले. १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार कचेरीने त्यावर अहवाल काढला. १९५४ साली ब्रिटनमधील पाहणीने बीटा-नॅफ्थिलअमाइन व बेंझिडीन या द्रव्यांवर बोट ठेवले. पहिल्या इशाऱ्यानंतर ५९ वर्षांनी! विडी-सिगारेटही याच रोगाचे मोठे कारण आहे, हेही आपण आपल्या माणसांना सांगितले पाहिजे.

रोग स्नायूपर्यंत पोचला की मूत्राशय काढून टाकणे हाच राजमार्ग मानला जाई. पूर्वी मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्याला जोडत. १९५० साली अमेरिकेतील ब्रिकर यांनी लहान आतड्याच्या तुकड्यातून पोटावर वाट काढून तेथे पिशवी लावण्याची रीत रूढ केली. या शस्त्रक्रियेने असंख्य जीव वाचले. तिचे ऋण नाकारता येणार नाही. पण युनियनच्या कचेरीत येणारा माझा एक जोडीदार पिशवी गळेल या धास्तीने एसटीत बसत नसे, पंगतीला जात नसे. कागदोपत्री तो बरा झाला होता. त्याच्या बायकोला विचारले असते, तर तिने वेगळे उत्तर दिले असते.

म्हणून दुसऱ्या मार्गाचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. या मार्गात मूत्रमार्गातून दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात आणि मग किरणोपचार व औषधे बरोबरीने देतात. २०१२ साली ब्रिटनमधील ३६० रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष आला. नुसत्या किरणांनी ५४ टक्के, तर औषधांची जोड दिल्यावर ६७ टक्के रुग्ण दोन वर्षे त्या भागातील रोगापासून मुक्त राहिले. याच रुग्णांना ‘तुम्ही कसे आहात?’ असेही विचारले होते. त्याचे उत्तर २०२० साली प्रसिद्ध झाले. उपचार संपताना त्रास वाढला, सहा महिन्यांत सरासरीने प्रकृती पूर्ववत झाली आणि पाच वर्षांपर्यंत तशीच राहिली. त्याआधी, २००३ साली, बॉस्टनच्या डॉक्टरांनी असे मूत्राशय तपासले, तेव्हा तपासलेल्यांपैकी ७५ टक्क्यांचे काम नीट चालू होते. २०२३ साली उत्तर अमेरिकेतील ७२२ रुग्णांची तुलना झाली. निवडक रुग्णांत दोन्ही मार्गांचे यश जवळपास सारखे आढळले.

यात आपल्या तालुक्याचाही वाटा आहे. मूत्राशय रोज सारखा भरत नाही. काल नेमलेला किरण आज चुकतो आणि शेजारच्या आतड्याला भाजतो. खारघरला टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था आहे. तेथील डॉक्टरांनी निरनिराळ्या आकारांचे आराखडे आधीच तयार ठेवून, दररोज चित्र घेऊन त्या दिवसाला बसेल तो आराखडा वापरण्याची पद्धत राबविली आणि तिचा अनुभव २०११ पासून प्रसिद्ध केला. शिंपी अंगाचे माप घेतो, तसे येथे रोज माप घेतले जाते.

मात्र हा मार्ग सर्वांसाठी नाही. गाठ एकच व आटोक्यातली हवी, मूत्रपिंडाची वाट तुंबलेली नसावी, मूत्राशय धड असावा. काहींना पुढे तो काढावाच लागतो. म्हणून दुर्बिणीची तपासणी वर्षानुवर्षे चुकवता येत नाही. चुकली तर राखलेला अवयवच घात करतो. आणि नेमकी येथेच आमची लढाई सुरू होते. रोजंदारीवरच्या माणसाला तपासणीचा दिवस म्हणजे बुडालेला रोज. तळोज्याच्या ठेकेदारी कामगाराला हा उपचार उपलब्ध आहे असे म्हणायचे, तर तपासणीची रजा पगारी हवी.

लघवीत रक्त दिसले, मग दुखत नसले तरी, लाजेने लपवू नका. आणि कोणी बरा होऊन परतला, तर तो जगला एवढ्यावर समाधान मानू नका. तो कसा जगतो आहे, तेही विचारा.