नाव तेच, परवल तीच

२००६ च्या पावसाळ्यात भोपाळमधील आमच्या एका ज्येष्ठ सुहृदांच्या घरचा संगणक वारंवार बंद पडू लागला. आम्ही सारे त्यांना काका म्हणत असू. दुरुस्तीला आलेल्या मुलाने संगणकाच्या स्मृतीतील सी हा कप्पा पुसून कार्यप्रणाली नव्याने बसवली. डी कप्प्याला मात्र त्याने हात लावला नाही, कारण तिथे काकांचे लेखन होते. १९५६ मध्ये मध्य प्रदेश राज्य नव्याने बनले, तेव्हा काका नागपूरच्या सचिवालयातून कारकून म्हणून भोपाळला आले होते. त्या स्थलांतराच्या आठवणी ते तीन वर्षे टंकित करीत होते. काकांनी नव्या व्यवस्थेत पूर्वीचेच नाव घातले, पूर्वीचाच परवलीचा शब्द घातला. संगणकाने त्यांना आत घेतले. पण आपल्याच लेखनाचा फोल्डर उघडू जाता 'प्रवेश नाकारला' अशी पाटी समोर आली. काका आमच्याकडे वळून म्हणाले, "अहो, पण मी मीच आहे ना?"

हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. 'परवल' हा शब्दच मुळी पहाऱ्यावरचा. रात्री छावणीत शिरणाऱ्याने जो संकेतशब्द सांगावयाचा, ती परवल. इंग्रजी 'पॅरोल'चे हे देशी रूप असावे, असे आम्हांस वाटते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पॉलिबियसने रोमन छावणीतील रिवाज नोंदवून ठेवला आहे. सूर्यास्ताच्या सुमारास त्या रात्रीचा शब्द लाकडी पाटीवर लिहून छावणीच्या टोकाच्या तुकडीकडे दिला जाई आणि तुकडी-तुकडीतून फिरत ती पाटी अंधार पडण्यापूर्वी अधिकाऱ्याकडे परत येई. एखादी पाटी परतली नाही, तर ती कोठे अडली हे इतर पाट्यांवरील खुणांवरून कळे. शब्द सांगणारा कोण, हे पहारेकरी विचारीत नसे. तो आपल्यांपैकी आहे, एवढेच त्याला पुरे असे.

संगणकावर परवल आली ती निराळ्या गरजेतून. १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच महागडा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था उभारली. प्रत्येकाच्या फायली निराळ्या, वेळेचा वाटाही ठरलेला. तेव्हा एकाने दुसऱ्याच्या नावावर जेवू नये म्हणून प्रत्येकास एक शब्द देण्यात आला. पहिली चोरी फार दूर नव्हती. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधकास आठवड्याचे चार तास अपुरे पडू लागले, म्हणून त्याने साऱ्या परवलींची यादीच छापून घेतली. पुढे १९६६ मध्ये तर दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करीत असता त्या आपसांत बदलल्या, आणि रोजच्या सूचनेच्या जागी सर्वांच्या परवली प्रत्येकाच्या पुढ्यात झळकल्या. कॉर्बातोंनी पुढे ट्यूरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात ही फजिती स्वतःच सांगितली, हे त्यांच्या मोठेपणाला साजेसेच झाले.

यावर तोडगा निघाला तो असा की, यंत्राने परवल ठेवूच नये; तिच्यावर गणिती क्रिया करून उरणारा, उलट न फिरवता येणारा ठसा तेवढा ठेवावा. ही कल्पना केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांची. ती युनिक्समध्ये रुजल्यावर रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये तिचा इतिहासच लिहिला. त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ परवलींपैकी २,८३१ इतक्या सहज हाती लागण्याजोग्या होत्या. कित्येक तर दोन-तीन अक्षरांच्याच. माणसाला लक्षात राहील ते चोरालाही सुचेल, हा पेच तेव्हापासून कायम आहे.

येथवर परवल म्हणजेच ओळख, असे समीकरण होते. काकांच्या घरच्या संगणकावर ज्या कुळातील कार्यप्रणाली होती, त्या विंडोज एनटीने १९९३ मध्ये निराळी वाट धरली. तीत वापरकर्त्याचे नाव ही केवळ माणसांच्या सोयीची पाटी असते. यंत्राच्या लेखी ओळख म्हणजे एक लांबलचक क्रमांक. त्यातील मोठा भाग कार्यप्रणाली बसवतानाच यादृच्छिकपणे ठरतो आणि शेवटी खातेदाराचा अनुक्रम लागतो. मुख्य व्यवस्थापकाचा ५००, सामान्य खातेदारांचे १००० पासून पुढे. फोल्डरच्या दारावर 'काका' असे लिहिलेले नसतेच; तिथे तो क्रमांक लिहिलेला असतो. प्रणाली नव्याने बसली की नवा क्रमांक पडतो. मग त्याच नावाचा, तीच परवल जाणणारा माणूस जुन्या दाराशी उभा राहिला, तरी दाराच्या लेखी तो परकाच.

मराठी वाचकास इथे तोतयाच्या बंडाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले; काही वर्षांतच बुंदेलखंडाकडील एक कनोजी ब्राह्मण 'भाऊसाहेब' म्हणून वावरू लागला. थोरल्या माधवरावांच्या वेळी चौकशी होऊन तो कैदेत पडला. तरी १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटताच कोकणातील कित्येक किल्ले त्याने घेतले, माणसे त्याच्याभोवती जमली, आणि अखेर त्याच वर्षी पुण्यात पुन्हा चौकशी होऊन त्यास देहान्त शासन झाले. दरबारापुढचा पेच उघड होता: नाव तेच, चेहरा तसाच, जुन्या गोष्टीही थोड्याफार ठाऊक, मग ओळखावे कशाने? त्यांना साक्षीदार मिळाले, भाऊंना जवळून पाहिलेली माणसे हयात होती. आमच्या काकांचे प्रकरण याच्या नेमके उलटे. इथे माणूस खरा होता आणि साक्षीदार पुसला गेला होता.

त्यातला अर्धा गुंता तासाभरात सुटला. मुख्य व्यवस्थापकाच्या नावाने आत शिरून जुन्या फोल्डरांची मालकी नव्या क्रमांकाकडे घेता येते. त्या मुलाने तसे केले आणि छायाचित्रे, पत्रे, निवृत्तिवेतनाचे हिशेब सारे उघडले. (वतनाचे कागद नव्या धन्याच्या नावे करून घेण्याचाच हा प्रकार, असे काका म्हणाले, तोवर त्यांचा विनोद शाबूत होता.) आठवणींचा फोल्डर मात्र तसाच राहिला. नातवंडांनी चुकून काही पुसू नये म्हणून काकांनी एकदा त्याच्या गुणधर्मांत 'सांकेतिक करा' या अर्थाच्या चौकटीत खूण केली होती. चूक असेल तर ती तेवढीच, आणि ती करताना शेजारी बसून मान डोलावणारे आम्हीच होतो.

ही सोय २००० पासून या कुळात आली. तिच्यात प्रत्येक फाइल स्वतंत्र किल्लीने बंद होते. ती किल्ली खातेदाराच्या सार्वजनिक किल्लीने बंद होते. तिला उघडणारी खासगी किल्ली आणखी एका गुप्त किल्लीत गुंडाळलेली असते, आणि त्या शेवटच्या किल्लीचे वेष्टन परवलीने सुटते. म्हणजे काकांची परवल खरीच होती. पण ती जी पेटी उघडत असे, ती पेटी सी कप्प्यात होती आणि पुसली गेली होती. अधिकाराचा प्रश्न मालकी घेऊन सुटतो, हा प्रश्न अधिकाराचा नव्हताच. खासगी किल्लीची प्रत एखाद्या तबकडीवर आधी काढून ठेवली असती, तर पाच मिनिटांचे काम होते. तशी सूचना तेव्हाच्या पुस्तकांत असे. पण पुस्तक वाचून संगणक वापरणारे घर भोपाळमध्ये काय, पुण्यातही आम्ही पाहिलेले नाही.

काकांना याहून जुनी एक पुनर्स्थापना आठवत होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ हे तुकडे जोडून नवे राज्य झाले, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि नागपूरचे राजधानीपण संपले. राजधानी भोपाळला आली. उच्च न्यायालय जबलपुरास, महसूल मंडळ ग्वाल्हेरास, लोकसेवा आयोग इंदुरास गेला. चार ठिकाणची माणसे एका यादीत बसवायची, कोण कोणाहून ज्येष्ठ हे ठरवायचे, हे काम वर्षानुवर्षे चालले. पण त्या गोंधळात काका 'काका'च राहिले, कारण त्यांच्यामागोमाग त्यांची सेवापुस्तिका आली. तिच्यात जन्मतारीख होती, शरीरावरील ओळखखूण होती, डाव्या हाताच्या बोटांचे ठसे होते, आणि प्रत्येक नोंदीखाली वरिष्ठाची सही. राज्य पुसून नवे बसवले, तरी पुस्तिका जुन्या राज्याच्या पोटात ठेवली गेली नाही. गाठोड्यात बांधून ती आधी हलवली गेली. ही गोष्ट काकांनी आम्हांस त्या दिवशी तोंडी सांगितली. त्यांच्या लेखनात तिचे एक सबंध प्रकरण होते.

पहिली तीन प्रकरणे मंडळात वाचण्यासाठी छापून घेतली होती, ती आमच्यापाशी आहेत. उरलेली नऊ पुन्हा लिहावयास काका बसले नाहीत. एकदा लिहिलेले दुसऱ्यांदा लिहिताना आपणच आपली नक्कल करतो, असे त्यांचे म्हणणे. तो फोल्डर मात्र त्यांनी पुसू दिला नाही. त्या प्रणालीत सांकेतिक फायलींची नावे हिरव्या अक्षरांत दिसत, आणि नावे वाचावयास कोणतीच किल्ली लागत नसे. पुढे संध्याकाळी कधी गेलो की काका तो फोल्डर उघडून बसलेले असत: 'इटारसीचे फलाट', 'बिऱ्हाड मिळेपर्यंत', 'सेवापुस्तिका', 'पहिला गणपती'. एकेका हिरव्या नावावर बोट ठेवून ते आम्हांस त्यात काय लिहिले होते ते सांगत, आणि आम्ही वहीत उतरवून घेत असू.