सावलीचा वारसा

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा प्रवासी कात्रजचा घाट ओलांडून भोर तालुक्यात आला, की महामार्गावर कामथडी लागते. गाव खेडे, पण दारातली रहदारी शहराची. तिचा धूर आणि धूळ प्रथम अंगावर घेतात ती रस्त्याकाठची झाडे.

मार्गावर झाडे लावणे ही आपल्याकडे जुनी राजनीती आहे. माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून आपण वड लावविले, असे सम्राट अशोकाने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात स्तंभलेखात नोंदविले. भोर ही १९४८ पर्यंत पंत सचिवांच्या संस्थानाची राजधानी होती. ज्या अष्टप्रधान मंडळात सचिवपद होते, त्याच मंडळातील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठीदेखील रयतेचे आंबे-फणस तिच्या संमतीवाचून तोडू नयेत, अशी ताकीद आहे. झाड वाढण्यास लागणारा दीर्घ काळ हे तिचे एक कारण होते.

त्या काळाचे मोल आज विज्ञानाने मोजता येते. वाळलेल्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा कर्ब असतो. ज्या झाडात एक टन सुके लाकूड आहे, त्याने हवेतून सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइड शोषून घेतलेला असतो. साधारण पावणेसातशे लिटर डिझेल जाळले, की तेवढाच वायू पुन्हा हवेत जातो. म्हणजे झाडांच्या भरवशावर वाहनांना मोकळे सोडता येत नाही. मात्र पानांवर धूळ बसते व पावसाने धुपून मातीत जाते. पर्णरंध्रे काही विषारी वायू शोषतात. सावलीने रस्ता कमी तापतो. झाड तोडून जाळले, तर साठविलेला कर्ब क्षणात मोकळा होतो. त्याच्या जागी लावलेल्या रोपाला तो पुन्हा साठविण्यास कित्येक दशके लागतात.

महाराष्ट्राने नागरी क्षेत्रातील झाडांसाठी १९७५ साली कायदा केला. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना वारसावृक्षाचा मान मिळाला, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन आले. धूर मात्र नगराच्या वेशीपाशी थांबत नाही. रस्ता रुंद करताना एक पिढी जी सावली उतरविते, ती पुढच्या दोन पिढ्यांची असते. आरमाराची निकड असतानाही आज्ञापत्राने हे भान सोडले नव्हते; आपली निकड त्याहून मोठी आहे काय?