तळटीप : ‘पायलट’ घड्याळ

* जालन्याच्या या प्रकरणात आलेलं घड्याळ म्हणजे एचएमटीचं ‘पायलट’ : बहुधा काळी तबकडी, ठळक आकडे आणि रोज किल्ली द्यावी लागणारं 17 ज्युवेलचं यंत्र. वैमानिकांचा क्रोनोग्राफ तो हा नव्हे. क्रोनोग्राफमध्ये मधला वेळ मोजायला स्वतंत्र काटा असतो आणि तो चालू-बंद करायला कडेला बटणं. 1950च्या दशकातल्या ब्राइटलिंग नॅव्हिटायमरच्या फिरत्या कड्यावर तर वेगाचा आणि इंधनाचाही हिशेब करता येई. अनेक क्रोनोग्राफवर टॅकीमीटर, म्हणजे लागलेल्या सेकंदांवरून वेग दाखवणारी मोजपट्टीही असते; तिची गंमत जालना–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरही कळेल. किलोमीटरच्या एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत 45 सेकंद लागले, तर काटा थेट 80चा वेग दाखवतो.

‘पायलट’ मर्यादित संख्येत काढलेलं घड्याळ नव्हतं. साध्या पगारदारालाही ते घेता येई, आणि त्याचं खरं मोल मला त्यातच वाटतं. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. आज संग्राहक ते शोधत फिरतात, आणि नव्याने रंगवलेल्या तबकड्यांची घड्याळंही सर्रास विकली जातात. घरात वडिलांचं मूळ ‘पायलट’ असेल, तर तबकडी रंगवून घेऊ नये. डाग तसेच राहू द्यावेत. – संपा.