कर्णबधिरांचे मानसोपचार आणि खुणांची भाषा

कर्णबधिर माणसावरचे मानसोपचार त्याच्याच भाषेत आणि त्याच्या समाजाची रीत जाणून व्हावेत, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. त्याआधी ओघ नेमका उलटा होता. १८८० च्या मिलान परिषदेत कर्णबधिरांच्या शिक्षकांनी खुणांची भाषा वर्गाबाहेर ठेवण्याचा ठराव केला. १८८५ च्या सुमारास मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने कर्णबधिरांची शाळा निघाली. पुढे देशभर निघालेल्या बहुतेक शाळांनी ओठ वाचणे आणि बोलणे यांवरच भर दिला. मुले हातांनी बोलत राहिली ती वसतिगृहात आणि मधल्या सुट्टीत. न बोलू शकणाऱ्या साक्षीदाराची खुणांनी दिलेली साक्ष मात्र १८७२ च्या पुरावा कायद्याने ग्राह्य धरली होती. न्यायालयाला पटलेली गोष्ट शाळांना शंभर वर्षे पटू नये, हे क्लेशकारक आहे.

याची झळ मनाला बसली. घरात कोणालाच खुणा येत नसल्या, की मूल भरल्या पंगतीत एकटे पडते. डॉक्टरकडे नेले तर तिथेही तेच. भारतीय सांकेतिक भाषेत ‘तुझं नाव काय’ विचारताना ‘काय’ची खूण शेवटी येते, आणि हो-नाही उत्तराचा प्रश्न भुवया उंचावून विचारतात. हे चेहऱ्याचे व्याकरण ठाऊक नसलेल्या डॉक्टरला ते हावभाव म्हणजे उत्तेजित अवस्था वाटू शकते. ‘कानात आवाज येतात का’ हा ठरावीक प्रश्न तर इथे मुळातच अडतो.

१९५५ मध्ये फ्रांझ कालमन यांनी न्यूयॉर्कच्या राज्य मनोरुग्ण संस्थेत कर्णबधिरांच्या मानसोपचारांचा पहिला मोठा प्रकल्प सुरू केला. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये प्रेस्टनजवळच्या व्हिटिंगहॅम रुग्णालयात जॉन डेन्मार्क यांनी स्वतंत्र विभाग उघडला. कर्णबधिरपण हा रोग नव्हे, तर एका भाषिक समाजाची ओळख आहे, ही भूमिका नील ग्लिकमन आणि मायकेल हार्वी यांच्या १९९६ च्या ग्रंथात ठामपणे मांडली गेली.

भारतात आधी भाषेलाच मान्यता मिळवावी लागली. १९७७ पासून जेम्स वुडवर्ड आणि स्वतः कर्णबधिर असलेले मदन वसिष्ठ यांनी तिचा अभ्यास केला. १९८३ मध्ये मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था उभी राहिली, २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र.

लखनौत मानसोपचार आणि कर्णबधिरांचे शिक्षण हे दोन धागे शेजारी दिसतात. लालबागेतले नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र ई. स्टॅनली जोन्स यांनी १९५० मध्ये स्थापले. शहराच्या नैर्ऋत्येला, सरोजिनी नगरच्या बाजूला, मोहान रस्त्यावर डॉ. शकुंतला मिश्रा राष्ट्रीय पुनर्वास विद्यापीठ आहे. २००८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात निम्म्या जागा अपंग विद्यार्थ्यांसाठी असतात आणि कर्णबधिर मुले पदवीपर्यंत शिकतात.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ४ मध्ये रुग्णाला सांकेतिक भाषेतूनही माहिती देण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ती भाषा येणारे समुपदेशक मात्र अजून मोजकेच. त्यामुळे दुभाषी म्हणून बहुधा आई किंवा बहीण बसते, आणि घरातलेच दुखणे सांगायचे असेल, तर रुग्णाला ते त्यांच्यादेखतच सांगावे लागते.