लाल वाइनमधील फिनॉलिक संयुगे

लाल वाइनमधील फिनॉलिक संयुगे म्हणजे द्राक्षाची साल, बी आणि काही अंशी देठ यांतून वाइनमध्ये उतरणारी रासायनिक संयुगे होत. लाल वाइनचा रंग, तुरटपणा आणि टिकाऊपणा मुख्यतः त्यांच्यावर अवलंबून असतो. पांढऱ्या वाइनमध्ये त्यांचे प्रमाण लिटरमागे काही शे मिलिग्रॅम असते. लाल वाइनमध्ये ते साधारण १ ते ३ ग्रॅमपर्यंत जाते.

बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर रंगहीन असतो. त्यामुळे काळी द्राक्षे हलक्या हाताने पिळून साल लगेच वेगळी केली, तर त्यांपासून पांढरी वाइन तयार होते. फ्रान्समधील शॅम्पेन प्रांतात पिनो न्वार या काळ्या द्राक्षाचा असा उपयोग केला जातो. गरही रंगीत असणाऱ्या जाती थोड्या आहेत. पुसा नवरंग ही त्यांपैकी एक भारतीय जात. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून रसासाठी ‘मांजरी मेडिका’ ही गडद रंगाची जात विकसित केली आहे.

== रंगद्रव्ये ==

सालीतील लाल-जांभळ्या रंगद्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. फूल आणि निळा या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव १८३५ मध्ये योजले गेले. युरोपीय द्राक्षवेलीत (व्हायटिस व्हिनिफेरा) माल्विडिन, डेल्फिनिडिन, पेटुनिडिन, पिओनिडिन व सायनिडिन हे त्यांचे पाच मुख्य प्रकार आढळतात. प्रत्येकाला सहसा ग्लुकोजचा एकच रेणू जोडलेला असतो आणि बहुतेक जातींत माल्विडिनचे प्रमाण सर्वाधिक असते. अनेक अमेरिकी वेलींत ग्लुकोजचे दोन रेणू जोडलेली रंगद्रव्येही असतात. त्यामुळे वाइनमध्ये संकरित द्राक्ष मिसळले आहे का, हे रासायनिक तपासणीत ओळखता येते.

अँथोसायनिनचा रंग आम्लतेनुसार बदलतो. कोकणातील वाचकांना हा गुणधर्म स्वयंपाकघरातूनच परिचित असतो. कोकमातील रंगद्रव्येही याच कुळातील आहेत. आंबट आगळ लालभडक दिसते, पण कपड्यावरच्या कोकमाच्या डागाला साबण लागताच तो निळसर होतो. वाइनचा सामू साधारण ३.३ ते ३.८ असतो. या आम्लतेला सुट्या अँथोसायनिनचा थोडाच भाग लाल रूपात राहतो. उरलेला बव्हंशी रंगहीन असतो. सामू वाढला, म्हणजेच आम्लता घटली, की रंग फिका व जांभळट होतो. वाइन टिकावी म्हणून घातला जाणारा सल्फर डायऑक्साइडही सुट्या रंगद्रव्याशी जोडला जाऊन त्याचा रंग घालवतो.

असे असूनही ताजी लाल वाइन गडद दिसते, कारण रंगद्रव्याचे रेणू इतर रंगहीन फिनॉलिक रेणूंशी सैलपणे बिलगतात. या सहरंजनामुळे लाल रूप पाण्यापासून सुरक्षित राहते. ताज्या वाइनच्या रंगाचा ३० ते ५० टक्के भाग सहरंजनाचा असू शकतो.

== आंबवण आणि मुरवण ==

लाल वाइनसाठी रस सालीसकट आंबवतात. आंबताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे चोथा वर येऊन त्याचा जाड थर बनतो. तो दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो किंवा खालचा रस उपसून त्यावर ओतावा लागतो. अँथोसायनिन पाण्यात सहज विरघळत असल्याने पहिल्या चार-सहा दिवसांतच त्याचे प्रमाण कळसाला पोहोचते व पुढे उतरू लागते. टॅनिन, विशेषतः बियांतील, मात्र मद्यार्क वाढेल तसे सावकाश उतरत राहते. साल अधिक काळ ठेवल्याने रंग वाढतच जातो, ही समजूत म्हणून चुकीची ठरते. वाढतो तो तुरटपणा.

सुटी अँथोसायनिने अल्पजीवी असतात. मुरवण्याच्या काळात ती टॅनिनशी कायमची जोडली जातात. ओकच्या पिंपातून झिरपणाऱ्या अल्प ऑक्सिजनमुळे अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होते आणि ते या दोहोंमधील दुवा बनते. अशा मोठ्या रेणूंवर सामू वा सल्फर डायऑक्साइड यांचा परिणाम फारसा होत नाही. जुन्या वाइनचा रंग अशा संयुक्त रेणूंचा असतो, हे ऑस्ट्रेलियातील सॉमर्स यांनी १९७१ मध्ये मांडले. वाइनचा जांभळट रंग आधी माणकासारखा व पुढे विटकरी होत जातो, तो या बदलांमुळे. टॅनिन अपुरे असेल, तर सुरुवातीला गडद दिसणारी वाइनही लवकर फिकी पडते. बाटलीचा गडदपणा पाहून गुणवत्ता ठरवणे म्हणूनच फसवे आहे.

== महाराष्ट्रातील परिस्थिती ==

राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केल्यानंतर नाशिक परिसरात वाइननिर्मिती वाढली. लाल वाइनसाठी येथे शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यो यांसारख्या जाती लावतात. त्यांचे मणी लहान असल्याने रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक पडते. खाण्याच्या टपोऱ्या काळ्या द्राक्षांत हा लाभ मिळत नाही.

खरी अडचण उष्णतेची आहे. मण्यांत रंग भरत असताना तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर राहिल्यास अँथोसायनिनची निर्मिती मंदावते आणि तयार झालेलेही नष्ट होऊ लागते. शिवाय उष्णतेने मॅलिक आम्ल घटून रसाचा सामू चढतो. साखर झपाट्याने वाढते, पण साल व बी परिपक्व झालेली नसतात. लवकर तोडणी केल्यास तुरट, फिकी वाइन मिळते. थांबल्यास मद्यार्क वाढतो आणि आम्लता हातची जाते. आम्लतेची उणीव टार्टारिक आम्ल घालून काही अंशी भरून काढता येते, सालीत न भरलेला रंग मात्र नंतर आणता येत नाही.

यावरचा उपाय छाटणीच्या वेळापत्रकात आहे. दख्खनच्या हवामानात वेल पूर्ण सुप्तावस्थेत जात नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करतात: उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. फळछाटणीची तारीख अशी साधतात, की मणी हिवाळ्यातील थंड रात्रींमध्ये रंगावेत आणि मार्चचे ऊन तापण्यापूर्वी तोडणी उरकावी. छाटणी फार लवकर केली, तर परतीच्या पावसात फुलोरा सापडून केवडा रोगाची भीती असते. उशीर झाल्यास रंग भरण्याचा काळ उन्हाळ्यात जातो.