मांजराचे दात कोण मोजतो?

या पावसाळ्यात आमच्या मनीने खाणं सोडलं. बशीपाशी यायची, वास घ्यायची आणि मान फिरवून निघून जायची. वय झालं असेल, म्हणून मी आठवडाभर गप्प बसलो. शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी जबडा उघडून दाखवला. म्हणाल्या, "काका, दाढांवर किटण चढलंय, हिरड्या सुजल्यात. हिला कित्येक महिने दुखत असणार."

मी ओशाळलो. जन्म इतिहास शिकवण्यात गेला, त्यामुळे घरी आल्यावर विचार सुरू झाला तोही इतिहासाचाच.

जनावराचे दात बघण्याची विद्या आपल्याकडे जुनी. आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला हे बैलबाजारातले शब्द शेतकऱ्याच्या पोरालाही पाठ असतात. 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' ही म्हण त्यातलीच. पण ते दात बघायचे वय आणि किंमत ठरवायला. मांजर कोण विकत घेतो? फ्रान्समधल्या ल्यों शहरात १७६१ साली पशुवैद्यकाची शाळा स्थापन झाली, ती घोडे आणि गुरांच्या काळजीपोटी.

खरं तर मांजराची सोबत फार जुनी. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं आहे. इजिप्तने तर मांजरं देवीला वाहिली. त्यांच्याच सुमारे १,८०,००० ममी १८९० साली लिव्हरपूलला आल्या आणि खत म्हणून लिलावात गेल्या. मांजराला किंमत आली ती अशी! अमेरिकेत पशुदंतवैद्यांचं स्वतंत्र कॉलेज स्थापन झालं ते थेट १९८८ साली.

यात मांजराचाही थोडा दोष आहे म्हणा. तिचे तीस दात चावण्यापेक्षा फाडण्यासाठी. घास तोडायचा आणि गिळायचा. दुखलं तरी शिकारी प्राणी ते लपवतो, त्यामुळे आपल्याला कळतं ते फार उशिरा.

मनीच्या दोन दाढा भूल देऊन काढल्या. आता ती पुन्हा जेवते. जखम भरल्यापासून रोज रात्री बोटाला मऊ फडकं गुंडाळून, प्राण्यांसाठीची पेस्ट लावून मी तिचे दात पुसतो. आपली पेस्ट तिला चालत नाही. हातावर दोन ओरखडे आहेत. असो.

तुमच्या घरी मांजर असेल, तर आज एकदा तिचा ओठ हळूच वर करून बघा. हिरडीच्या कडेला लाल रेघ दिसली, तर माझ्यासारखा आठवडा घालवू नका.