एका गायकाच्या चरित्राची शहानिशा

शिवछत्रपतींचा जन्म इ. स. १६२७ मधील कीं १६३० मधील, या प्रश्नावर महाराष्ट्रांत किती शाई खर्चीं पडली हें श्रोत्यांस सांगावयास नको. परंतु तेथें मध्यें तीन शतकांचा काळ लोटला होता, ही सबब तरी होती. ‘क्वीन’ या विख्यात रॉक वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा १९९१ सालीं, म्हणजे इतिहासाच्या हिशेबानें कालपरवां, वारला. त्याचे शाळासोबती व त्याच्या शेजारीं उभे राहून वाजविणारे सहकारी यांनीं त्याच्याविषयीं पुष्कळ सांगून ठेविलें आहे. तथापि त्याच्या चरित्रांत शिरलेल्या चुका कांहीं कमी नाहींत.

प्रथम जन्माची गोष्ट घ्यावी. तो ५ सप्टेंबर १९४६ रोजीं झांझीबार बेटावर जन्मला. मूळ नांव फारोख बलसारा. त्याचा जन्म टांझानियांत झाला असें सर्रास छापलें जातें. पण त्या वेळीं टांझानिया नांवाचें राष्ट्रच नव्हतें. झांझीबारावर सुलतानाचें राज्य होतें व त्यास ब्रिटिशांचें संरक्षण होतें. टांगानिका आणि झांझीबार यांचें ऐक्य झालें तें एप्रिल १९६४ मध्यें. तेव्हां फारोख सतरा वर्षांचा होता! दुसरी चूक त्याला ‘इराणी’ म्हणण्याची. त्याचे आईबाप गुजराथकडील पारशी, वडील सरकारी कचेरींत रोखपाल. आणि बलसारा हें आडनांवच मुळीं बलसार, म्हणजे हल्लींचें वलसाड, या गांवावरून पडलेलें. पारशांनीं इराण सोडल्यास हजारांहून अधिक वर्षें लोटलीं. हाच न्याय लावल्यास १८९२ सालीं ब्रिटिश पार्लमेंटांत निवडून गेलेल्या दादाभाई नवरोजींनाही इराणी म्हणावें लागेल. १९९१ च्या नोव्हेंबरांत त्याचे अंत्यसंस्कार लंडन येथें जरथुष्ट्री धर्मगुरूंनीं केले, यावरून त्याचें घराणें कोणतें याविषयीं शंका राहूं नये.

आठव्या वर्षीं त्यास पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहांत ठेवण्यांत आलें. कोणी हें साल १९५४ देतात, कोणी १९५५. तो आठ वर्षांचा होता तो काळ सप्टेंबर १९५४ पासून पुढील सप्टेंबरपर्यंतचा. म्हणजे नुसत्या वयावरून दोन्हीं सालें जुळतात, आणि घोटाळा येथूनच उद्भवतो. परदेशी लेखक पांचगणीस ‘मुंबईजवळचें गांव’ ठरवून मोकळे होतात. घाट चढून, सातारा जिल्ह्यांत, सुमारें २५० किलोमीटरांवर असलेलें हें ‘जवळ’ त्यांनीं एकदां प्रवास करून पाहावें! उलट, आपल्याकडील लेखकांचा अभिमानही नडतो. पांचगणीच्या व्यासपीठावर हा महान् गायक प्रथम गाऊं लागला, असें ते लिहितात. १९५८ च्या सुमारास तेथील मुलांनीं ‘हेक्टिक्स’ नांवाचा वाद्यवृंद काढला हें खरें. परंतु त्यांत मुख्य गाणारा मुलगा दुसराच होता. फारोख पियानो वाजवीत असे.

१९६३ मध्यें तो झांझीबारास परतला. जानेवारी १९६४ मध्यें तेथें क्रांति झाली आणि बलसारा कुटुंबास जीव घेऊन इंग्लंड गांठावें लागलें. संगीताच्या ध्येयानें तो विलायतेस गेला, ही मागाहून रचलेली कथा होय. तेथें तो चित्रकलेच्या शाळेंत शिकला. ‘क्वीन’ची स्थापना १९७० ची.

या सर्व चुका किरकोळ म्हणून सोडून देतां येतील. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या २०१८ सालच्या चित्रपटानें केलेली चूक मात्र तशी नाहीं. १३ जुलै १९८५ रोजीं वेंब्ली येथें झालेल्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमापूर्वींच फ्रेडी आपणांस एड्स झाल्याचें सोबत्यांस सांगतो, असें त्यांत दाखविलें आहे. मोडलेला वाद्यवृंद त्या दिवसासाठीं पुन्हां एकत्र आला, असेंही भासविलें आहे. वस्तुतः फेब्रुवारी १९८४ मध्यें त्यांची नवी तबकडी निघाली होती आणि मे १९८५ पर्यंत त्यांचे दौरे चालूच होते. रोगाचें निदान झालें तें १९८७ सालीं, असें त्याच्या अखेरच्या काळांतील जिवलग साथीदार जिम हटन यानें लिहून ठेविलें आहे. चित्रपटाच्या संगीताची देखरेख वाद्यवृंदांतील दोघां हयात सोबत्यांकडेच होती. पण साक्षीदार जवळ बसला म्हणून तारीख खरी ठरत नाहीं.

नाटककारास थोडी मोकळीक द्यावी, हें मान्य. परंतु येथें दोन वर्षें मागें ओढल्यानें त्या माणसाचें धैर्यच चुकीच्या जागीं नेऊन ठेविलें गेलें. वेंब्लीच्या व्यासपीठावर उभा होता तो आपल्या भवितव्याची कल्पना नसलेला, पूर्ण भरांत असलेला गायक. खरी कसोटी पुढें लागली. ऑगस्ट १९८६ नंतर ‘क्वीन’बरोबर त्याचा जाहीर दौरा झाला नाहीं, मात्र निदानानंतर १९८९ व १९९१ मध्यें वाद्यवृंदाच्या दोन तबकड्या निघाल्या. आजार त्यानें जगापासून लपविला, आणि २३ नोव्हेंबर १९९१ रोजीं जाहीर करून दुसऱ्याच दिवशीं देह ठेविला. त्याच वर्षीं मे महिन्यांत स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथें त्यानें शेवटचें गीत ध्वनिमुद्रित केलें. त्याचें अखेरचें कडवें गाण्यास तो पुन्हां येऊं शकला नाहीं. तें पुढें ब्रायन मे यानें गायिलें.